नांगर टाकल्यानंतरचे भय

आयुष्यभर खवळलेल्या समुद्राशी झुंजणाऱ्या सर पीटर ब्लेक यांना मृत्यूने गाठले ते नौका नांगरून पडली असताना. न्यूझीलंडच्या या दर्यावर्दीने १९८९-९०ची व्हिटब्रेड जगप्रदक्षिणा स्पर्धा जिंकली होती. १९९५ मध्ये अमेरिका चषक न्यूझीलंडकडे आला आणि २००० मध्ये तो राखला गेला, तोही त्यांच्याच नेतृत्वाखाली. ५ डिसेंबर २००१च्या रात्री ब्राझीलमधील मकापाजवळ, ॲमेझॉनच्या मुखाशी, त्यांच्या 'सीमास्टर'वर सशस्त्र टोळी चढली. ब्लेक रायफल घेऊन पुढे सरसावले, एकाला त्यांनी जखमीही केले. पण ऐन वेळी रायफल अडकली आणि पाठीत गोळ्या लागून ५३ वर्षांचे ब्लेक जागीच कोसळले. लुटीत गेले ते आउटबोर्ड इंजिन, काही घड्याळे.

यॉटने परदेशी जाणाऱ्यांच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की डोळ्यांपुढे सोमाली चाचेच येतात. ते अकारण नव्हे. फेब्रुवारी २०११ मध्ये मुंबईहून ओमानमधील सलालाहकडे निघालेल्या 'क्वेस्ट' या यॉटचे त्यांनी अपहरण केले आणि अमेरिकी युद्धनौका पाठलागावर असतानाही नौकेवरील चारही अमेरिकी नागरिक मारले गेले. तरीही अशी प्रकरणे विरळाच. भटक्या नौकाधारकांना रोजचा उपद्रव होतो तो किनाऱ्यालगत, रात्रीच्या मुक्कामात. आणि तो बहुधा चोरीचाच असतो.

चोरांचा डोळा असतो डिंगीवर. नांगरलेल्या यॉटवरून किनाऱ्यावर ये-जा करण्याची ही छोटी होडी म्हणजे नौकाधारकाची रिक्षाच. ती गेली की पाणी, भाजी, इंधन सारेच अडते. तिचे इंजिन मात्र कोणत्याही मच्छीमार वस्तीत सहज खपते. म्हणूनच अनुभवी मंडळी अंधार पडताच डिंगी पाण्याबाहेर उचलून साखळी-कुलपाने जखडतात, झोपताना दारे-झडपा आतून लावून घेतात आणि एकट्यादुकट्या खाडीऐवजी इतर नौकांच्या शेजारी नांगर टाकतात.

मग बंदूक का बाळगू नये? हा वाद जुना आहे. बहुतेक देशांत प्रवेश करतानाच शस्त्र जाहीर करावे लागते आणि अनेक ठिकाणी ते परतीपर्यंत ताब्यात घेतले जाते. म्हणजे ज्या मुक्कामात त्याची गरज भासावी, तेथेच ते हाताशी नसते. लपवून ठेवले, तर तुरुंगाची वाट पाहुण्यालाच धरावी लागते. शिवाय अंधारात, अरुंद डेकवर, किती जण चढले आहेत हे ठाऊक नसताना झाडलेली पहिली गोळी प्रकरण मिटवण्याऐवजी चिघळवण्याचीच शक्यता अधिक.

याहून अवघड प्रश्न तपासाचा आहे. तक्रार नोंदवणारा नौकाधारक हवामान पाहून चार दिवसांत पुढच्या बेटाकडे निघून जातो. महिन्यांनंतर खटला उभा राहिला, तरी साक्ष देणार कोण? पर्यटनावर जगणाऱ्या छोट्या देशांना अशा बातम्यांचा गाजावाजा नकोच असतो. त्यामुळे नोंद ठेवण्याचे काम 'कॅरिबियन सेफ्टी अँड सिक्युरिटी नेट'सारख्या स्वयंसेवी व्यवस्थेवर येऊन पडले आहे. कोणत्या खाडीत, कोणत्या महिन्यात काय घडले, हे तेथे वाचूनच अनेक जण मुक्काम ठरवतात. ब्लेक यांच्या मारेकऱ्यांना काही दिवसांत अटक झाली, जून २००२ मध्ये दीर्घ मुदतीच्या शिक्षाही झाल्या. पण मृत व्यक्ती जगप्रसिद्ध होती, हे विसरता येत नाही.

या साऱ्या दक्षतेलाही मर्यादा आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅरिबियनमधील ग्रेनाडात मुक्कामी असलेली 'सिम्प्लिसिटी' ही यॉट तिघांनी पळवली. नौका शेजारच्या सेंट व्हिन्सेंटमध्ये सापडली. तिच्यावरील अमेरिकी दाम्पत्य बेपत्ता झाले आणि ते मृत झाल्याचे पोलिसांनी गृहीत धरले. पळवणारे तिघे कोणी सागरी चाचे नव्हते. ते पोलीस कोठडीतून निसटलेले कैदी होते. त्यांना डिंगी किंवा इंजिन नको होते. बेट सोडण्यासाठी अख्खी नौकाच हवी होती.