रचनाकाराचा स्वतःचा सूर

ध्वनिमुद्रणाची कला हाती येताच पाश्चात्य रचनाकारांनी जे एक शहाणपणाचे काम केले, ते हे की, आपल्या कृती आपल्याच देखरेखीखाली तबकड्यांवर उतरवून ठेविल्या. एडवर्ड एल्गार ह्या इंग्रज रचनाकाराने हा उद्योग १९१४ पासून सुमारे वीस वर्षे चालविला. १९३२ साली सोळा वर्षांच्या यहुदी मेन्युहिनच्या साथीने, लंडनच्या ॲबी रोडवरील कलागृहात, वाद्यवृंदाचे संचालन स्वतः करून त्याने आपली व्हायोलिनची मोठी रचना मुद्रित केली. सुमारे पन्नास मिनिटांची ती कृती. तबकडीची एक बाजू मात्र चार-साडेचार मिनिटांत संपावयाची! पुढे १९३४ च्या जानेवारीत, मृत्यूपूर्वी महिनाभर, रुग्णशय्येवरून दूरध्वनीच्या तारेने त्याने एका मुद्रणावर देखरेख केली.

ह्या तबकड्या ऐकताना आम्हांस सर्वांत नवल वाटले ते मींडेचे. त्या काळचे वादक एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जातात. छापील स्वरलिपीत ते बहुतेक नाही, आणि पुढील पिढ्यांच्या वाद्यवृंदांनी ते टाकूनही दिले. लयही कागदावरून वाटते त्याहून अधिक चंचल. स्वरलिपी सांगाडा जतन करिते. चाल कशी चालावी हे तिला सांगता येत नाही, हे आपल्याकडील कोणत्याही गायनशिक्षकास वेगळे सांगावयास नको.

आता आपल्या करवीरनगरीकडे वळू. कोल्हापुरानजीकच्या सांगवड्यास १८८१ साली जन्मलेले गोविंदराव टेंबे हे पेटीवादक, भास्करबुवा बखल्यांचे सहवासी, आणि १९११ साली रंगभूमीवर आलेल्या ‘मानापमाना’चे संगीतकार. नाट्यपदांना ख्याल-ठुमरीचे नवे अंग देण्याचे श्रेय त्यांच्याकडे मोठ्या प्रमाणावर जाते. परंतु त्या पदांची पुढे काय गत झाली पाहा. बालगंधर्वांनी ती आपल्या गळ्याने सजविली. मास्टर दीनानाथांनी त्यांतील कित्येकांना स्वतःच्या प्रतिभेचे निराळेच वळण दिले. ऐकणाऱ्यांनी दोन्ही डोक्यावर घेतली. मग मूळ चाल कोणती? आमच्या घरांतून ह्यावर जेवणाच्या पंगतीत वाद झालेले आहेत, आणि वडील मंडळी सहसा ज्याचे गाणे आपण तरुणपणी ऐकले त्याच्याच बाजूने निकाल देतात!

ह्या वादात एक साक्षीदार आपल्या गावचा आहे. एल्गारची उपर्युक्त तबकडी झाली त्याच १९३२ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट काढिला. शांतारामबापू दिग्दर्शक, दुर्गाबाई खोटे तारामती; आणि हरिश्चंद्र झाले ते संगीतकार गोविंदराव स्वतःच. पार्श्वगायनाची सोय तेव्हा झाली नव्हती. नटाने कॅमेऱ्यापुढे गावयाचे, साथीदारांनी चौकटीबाहेर बसून वाजवावयाचे, आणि ध्वनिग्राहकाने दोहोंस एकदम टिपावयाचे. म्हणजे रचनाकार आपली चाल आपल्या गळ्याने, त्याच क्षणी गात आहे. सुदैवाने हा चित्रपट नष्ट झालेला नाही. ध्वनी खरखरीत आहे, आणि गळ्याच्या लावण्यात बालगंधर्वांशी तुलना करू जाणे व्यर्थ. परंतु शब्द कोठे तोडावयाचा आणि तान कोठे आवरावयाची, हे रचनाकाराच्या मनात काय होते ते येथे कळते.

त्याचे म्हणणे अखेरचे मानावे काय? आमचे मत तसे नाही. आपल्या संगीतात चीज ही गाणाऱ्याच्या स्वाधीन केलेली ठेव असते, आणि दीनानाथांना अपराधी ठरविणे हे अरसिकपणाचे होईल. परंतु ठेव किती होती हे ठाऊक असल्यावाचून तिच्यात भर किती पडली हे कसे मोजणार? ‘मानापमाना’तील सारी पदे रचनाकाराच्या हातून एकदा क्रमाने मुद्रित झाली असती, तर हा प्रश्न इतका मोघम राहिला नसता. पेटीच्या नशिबी तर १९४० साली नभोवाणीचे दारही बंद झाले. ती बंदी काही अंशी उठावयास १९७१ साल उजाडले.

ह्याहून मोठी हानी अल्लादियाखाँसाहेबांची. शाहू महाराजांच्या आश्रयास ते १८९५ साली आले, कोल्हापुरात कितीतरी चिजा बांधल्या, अनवट राग रूढ केले. १९४६ साली निवर्तले तेव्हा त्यांच्या गाण्याची एकही तबकडी मागे नव्हती. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर ह्यांच्या गळ्यांतूनच आपण त्यांना ओळखावयाचे. गोविंदरावांनी खाँसाहेबांचे चरित्र लिहून ठेविले हे उपकारच. पण शब्दांतून सूर ऐकू येत नाही.

ज्यांच्या माळ्यावर जुन्या तबकड्या पडून असतील त्यांनी त्या एकीवर एक रचून ठेवू नयेत, पुस्तकांप्रमाणे उभ्या ठेवाव्यात. पुसताना स्पिरिट मुळीच वापरू नये. त्यातील लाख विरघळते. लेबलावरील नाव आणि क्रमांक आज वाचता येतो तोवर वहीत उतरून घ्यावा, आणि घरातील कोणा वृद्धास ते गाणे ओळखता येत असेल तर तेही शेजारी लिहावे.