टाईट म्हणजे नक्की किती टाईट?

टाईट हा आपल्या पिढीचा लाडका शब्द. जीन्स टाईट, बजेट टाईट, डेडलाइन तर कायमच टाईट! पण ‘नक्की किती टाईट?’ असं कुणी विचारलं तर? मला गेल्या महिन्यात एका फिजिओथेरपिस्टनं विचारलं आणि माझी बोलतीच बंद झाली.

झालं असं, की माझ्या मावशीचं ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन झालं. काखेतल्या लसिकाग्रंथी काढल्या की हातातून परत फिरणाऱ्या द्रवाची वाट अडू शकते. मग हात सुजतो. हाच लिम्फेडेमा. तो सहसा पूर्ण जात नाही, पण काबूत ठेवता येतो आणि त्यासाठी दिवसभर घट्ट कॉम्प्रेशन स्लीव्ह घालावी लागते. मी हिरोगिरी करत दुकानातून सरळ ‘मीडियम’ उचलून आणली. चार दिवसांत मावशीची बोटं फुगली. मी विचारलं की तिचं एकच, ‘छान घट्ट आहे गं!’

फिजिओनं आधी टेपनं हात मापला, मनगटापासून दंडापर्यंत दर चार सेंटिमीटरवर. मग स्लीव्हच्या आत एक चपटी, हवेची पिशवी सरकवली. तिची नळी मीटरला जोडलेली. आकडा येतो तो मिलिमीटर पाऱ्यात, आपल्या बीपीसारखाच. मनगटाजवळ आला १४, दंडावर २६. सगळं उलटं! दाब खाली जास्त आणि वर कमी हवा, तरच द्रव वर सरकतो. स्लीव्ह घट्ट होती, पण चुकीच्या जागी.

यामागे लाप्लासचा नियम आहे. कापडाचा ताण सारखाच असेल, तर बारीक मनगटावर दाब जास्त पडतो, जाड दंडावर कमी. पण मावशीच्या मनगटावर कापड सैल होतं आणि दंडावर नको तितकं ताणलेलं.

बॉक्सवरच्या ‘क्लास २’ वरही जाऊ नका हं. पायमोज्यांच्या जर्मन स्टँडर्डमध्ये क्लास २ म्हणजे २३ ते ३२, ब्रिटिशमध्ये १८ ते २४ आणि फ्रेंचमध्ये १५ ते २०! शिवाय हे आकडे लॅबमधले. प्रत्यक्ष अंगावर, स्नायू आवळला तरी आकडा बदलतो. रोजच्या वापरानं कापडही सैलावतं, म्हणून साधारण सहा महिन्यांनी नवी स्लीव्ह लागते.

आता मावशीची स्लीव्ह मापानं शिवून आलीय. पुन्हा मोजलं, तर मनगटाशी २४, दंडावर १६. ‘मग आधी बोलली का नाहीस?’ मी चिडून विचारलं. ‘तू इतक्या हौसेनं आणली होतीस...’

तेव्हा फ्रेंड्स, घरात कुणी अशी स्लीव्ह घालत असेल, तर ‘बरी आहे ना?’ विचारून मोकळे होऊ नका. बोटं बघा. सूज, मुंग्या किंवा रंगात बदल दिसला तर स्लीव्ह काढा आणि डॉक्टरांना गाठा. आपल्या माणसांना ‘छान आहे’ म्हणायची फार सवय असते.