अंतर कशाने मोजायचे?

चाकण म्हटले की इतिहासाच्या विद्यार्थ्याला १६६० साली शाइस्तेखानाच्या फौजेशी झुंजणारा फिरंगोजी नरसाळा आठवतो, शेतकऱ्याला कांद्याचा बाजार आठवतो आणि कारखान्यांच्या सावलीत वाढलेल्या आम्हा मुलींना तळेगाव चौकातली वाहनांची रांग आठवते. मी भूगोलाची विद्यार्थिनी. प्रात्यक्षिकाच्या वहीत रुग्णालयाचा ठिपका मध्ये ठेवून आम्ही कंपासने वर्तुळे काढतो : पाच किलोमीटर, दहा किलोमीटर, पंधरा किलोमीटर. वर्तुळे सुबक येतात, गुणही बरे पडतात. परंतु चाकणहून पुण्यास उपचारासाठी निघालेली बाई काही कंपासच्या टोकावरून जात नाही. ती बसने जाते, चौकात अडकते, भोसरीला उतरून दुसरी बस पकडते. एकदाच जायचे असते तर तेही निभावले असते. स्तनाच्या कर्करोगात ते एकदाचे जाणे नसते, हीच खरी अडचण आहे.

हा शब्द वार्षिकांकात पाहून कोणी भुवई उंचावील. आमच्या वस्तीत बाया ‘छातीत गाठ आलीय’ एवढेच बोलतात, आणि तेही फार उशिरा बोलतात. भारतीय स्त्रियांत आज सर्वांत अधिक आढळणारा कर्करोग हाच आहे. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार त्या एका वर्षात आपल्या देशात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना तो नव्याने झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. संकोच आता कोणाला परवडणार?

उपचाराचा क्रम पाहा. आधी तपासणी, मग सोनोग्राफी आणि मॅमोग्राफी, मग गाठीचा तुकडा काढून बायोप्सी, मग तिचा अहवाल आणायला पुन्हा एक फेरी. नंतर शस्त्रक्रिया. केमोथेरपी बहुधा दर तीन आठवड्यांनी, काही महिने. आणि किरणोपचार, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘शेक’, सोमवार ते शुक्रवार रोजच्या रोज. पूर्वीची ठरलेली पद्धत पंचवीस दिवसांची, पाच आठवडे.

आमच्या शेजारच्या काकू एका कारखान्याच्या कँटीनमध्ये कंत्राटावर पोळ्या लाटायच्या. त्यांचा शेक चालू होता तेव्हा सकाळी सातला घर सोडायच्या आणि तीन वाजता परत यायच्या. यंत्राखाली किती वेळ, असे मी विचारले. “दहा मिनिटं गं,” त्या म्हणाल्या, “बाकी सगळा बसचा आजार.” त्यांचे काम पहिल्या आठवड्यातच गेले. कंत्राटदाराने रागावून नव्हे, अगदी सहजपणे दुसरी बाई ठेवली. काकूंनी शेक पुरा केला, कारण त्यांच्या धाकट्या बहिणीने पाच आठवडे घर सांभाळले. ज्यांना अशी बहीण नसते, त्यांनी काय करावे?

अंतराचा आणखी एक परिणाम असा, की त्याविषयी कोणी बोलत नाही. मिलानच्या उम्बेर्तो वेरोनेसी यांनी १९८१ साली दाखवून दिले की, गाठ लहान असेल तर संपूर्ण स्तन न काढता फक्त तेवढा भाग काढून पुढे किरणोपचार दिले तरी आयुर्मानात फरक पडत नाही. पण या सवलतीची अट ‘पुढे किरणोपचार’ ही आहे. किरणोपचाराचे केंद्र दूर असेल तर बाई सगळेच काढून टाकायला सांगते. अमेरिकेसारख्या देशातही असे आढळले आहे. आपल्या शरीराचे काय ठेवायचे, हे डॉक्टरने नव्हे, तिनेही नव्हे, बसच्या वेळापत्रकाने ठरवावे!

पैशाचा प्रश्न शासनाने अगदीच सोडलेला नाही. २०१२ साली सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने चालणारी योजना शस्त्रक्रिया, केमो, किरणोपचार यांचा खर्च उचलते. बुडालेल्या दिवसांचे मात्र काय? येथे कामगार विम्याचे एक कलम मला फार मोलाचे वाटते. कर्करोगासारख्या दीर्घ आजारात विमाधारक कामगाराला मजुरीच्या ८० टक्के भत्ता, जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. म्हणजे आजाराचे अंतर दिवसांत मोजता येते, हे आपल्या व्यवस्थेला ठाऊक आहे. अट एवढीच की नोकरी सलग दोन वर्षांची हवी. चाकण-भोसरीत सहा-सात महिन्यांनी ‘ब्रेक’ घेणाऱ्या कंत्राटी बाईला ती अट वाचून हसू येईल. धुणीभांडी करणारीला तर तेही कारण नाही, तिचा विमाच नाही.

आमच्याकडे यावर एकच मागणी ऐकू येते : ‘इथेही टाटा पाहिजे.’ परळचे टाटा रुग्णालय १९४१ साली उघडले. आजही आपल्याकडच्या बाया सिंहगड एक्सप्रेसने दादर गाठतात, आणि गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत जागा मिळाली तर देवाचे आभार मानतात. मागणीमागची तळमळ मला कळते, पण मागणी पटत नाही. किरणोपचाराच्या यंत्राला जाड भिंतींची खोली, अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना, भौतिकशास्त्रज्ञ, तंत्रज्ञ लागतात. ते गल्लोगल्ली होणार नाही आणि होऊही नये. फीत कापून यंत्र आणले आणि चालवायला माणूस नाही, असे झाले तर बाईची आणखी एक फेरी वाढेल, एवढेच.

त्यापेक्षा फेऱ्या कमी करा, असे माझे म्हणणे आहे. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाने १९९८ पासून दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर वीस वर्षे अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने स्तनतपासणी केली. २०२१ साली निष्कर्ष आले : रोग लवकरच्या पायरीवर सापडू लागला, आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत असा लाभ दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. या तपासणीला यंत्र लागत नाही. ती चाकणच्या ग्रामीण रुग्णालयात होऊ शकते, उपकेंद्रातही होऊ शकते. केमोसाठी प्रत्येक जिल्हा रुग्णालयात दिवसाचे केंद्र काढण्याची घोषणा २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली आहे. पुणे जिल्ह्याचे रुग्णालय औंधला आहे. राजगुरुनगरच्या बाईला औंध काही जवळ नाही, तेव्हा तसे केंद्र चाकणच्या बाजूला का नको?

आणि शेक? ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीने २०२० साली दाखवले की, लवकर सापडलेल्या रोगात शस्त्रक्रियेनंतर योग्य रुग्णांना पाच दिवसांचा शेक तीन आठवड्यांच्या शेकाइतकाच गुणकारी ठरतो. पंचवीस दिवसांच्या जागी पाच! वीस फेऱ्या वाचल्या, आणि रस्ता एक इंचही रुंद करावा लागला नाही. कोणाला किती दिवस द्यायचे हे डॉक्टरच ठरवतील. पण दूरची बाई समोर असेल तेव्हा हा विचार आधी व्हावा, एवढे तरी मागता येईल.

२०२४ पासून पिंपरीची मेट्रो स्वारगेटपर्यंत जाते. पिंपरीच्या बाईला सिव्हिल कोर्टला गाडी बदलून ससूनजवळ उतरता येते. चाकणला मेट्रो नाही. तिथल्या बाईसाठी निदान केसपेपरावर दोन रकाने वाढवावेत : गाठ पहिल्यांदा दाखवली ती तारीख, आणि उपचार सुरू झाला ती तारीख. मधले दिवस कोणीही मोजू शकेल. मी माझ्या प्रात्यक्षिकाच्या वहीत त्या दिवसांचा नकाशा काढायला तयार आहे.