जर्मन शिकताना हक्कही शिकू या



सातारा-सांगलीचे पुरुष मुंबईच्या गिरण्यांत गेले, तेव्हा बाया शेत सांभाळत मनिऑर्डरची वाट पाहत राहिल्या. आता इथल्या नर्सिंग शिकलेल्या मुली जर्मनीला जायची तयारी करत आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करारही केला. बाई कमवायला परदेशी जाते, याचा मला आनंदच वाटतो.

पण तयारी म्हणजे केवळ भाषेचा वर्ग नव्हे. तिथे परिचारिका म्हणून मान्यतेसाठी साधारणपणे बी-२ पातळीची जर्मन लागते. मान्यता मिळेपर्यंत मदतनीस म्हणून कमी पगारावर राबावे लागते. त्यात घरच्यांनी कर्ज काढून एजंटाची फी भरली असेल, तर मुलगी अन्याय मुकाट सोसते. म्हणून 'कुठे दुखतंय?' याबरोबरच 'माझी ड्यूटी संपली', 'जादा कामाचे पैसे द्या' हेही जर्मनमध्ये म्हणता आले पाहिजे. नोकरी सोडल्यास पैसे परत करण्याची अट करारात आहे का, हे सहीआधी पाहावे. पासपोर्ट स्वतःजवळ, बँकखाते स्वतःच्या नावावर ठेवावे.

लग्न करून जाणाऱ्यांनीही जाणून घ्यावे: तिथे तीन वर्षे एकत्र संसार झाला, की नवऱ्यापासून वेगळे झाल्यावरही राहण्याचा स्वतंत्र परवाना मिळू शकतो, मारहाण होत असेल तर त्याआधीही. ११६०१६ हा बायकांसाठीचा मदतीचा फोन दिवसरात्र, मोफत चालतो.

गावोगावच्या आपल्या गटांनी जाणाऱ्या मुलींबरोबर अशी एक बैठक जरूर घ्यावी. ओटी भरायच्या दिवशीच घेतली तरी चालेल!