चालू धंदा विकणे आहे, पण नक्की काय विकताय?

‘चालू धंदा विकणे आहे. स्टेशनपासून पाच मिनिटं. गिऱ्हाईक बांधलेलं. पार्टी कायमची गावी जात असल्याने.’

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड, कुठल्याही स्टेशनबाहेर नाहीतर व्हॉट्सॲप ग्रुपवर ही जाहिरात दिसतेच. खालचा मोबाईल नंबर बहुतेक वेळा मालकाचा नसतो, दलालाचा असतो.

दलालांना सरसकट शिव्या घालणाऱ्यांतला मी नाही. मुलं आयटीत गेली, गिरणी चालवायला कोणी उरलं नाही, अशा म्हाताऱ्या मालकाला गिऱ्हाईक शोधून देणं हे मेहनतीचं काम आहे. नाहीतर ती गिरणी भंगारात जाते. माझी तक्रार दलालीबद्दल नाही, जबाबदारीबद्दल आहे.

मी तालुक्याच्या गावात पत्रकारिता करतो. आमच्याकडची पोरं शेताचा तुकडा विकून, नाहीतर बापाच्या ग्रॅच्युइटीवर उपनगरात चालू धंदा घेतात. आमच्या नात्यातल्या एकाने बोरिवलीत पोळी-भाजी केंद्र घेतलं. दलालाने दलाली दोन्हीकडून घेतली. तीन दिवस गल्ला दाखवला, संध्याकाळची गर्दी दाखवली. जागेचा करार चार महिन्यांत संपतोय, हे मात्र सांगितलं नाही. पाचव्या महिन्यात जागामालकाने दुप्पट भाडं मागितलं. दलाल म्हणाला, ‘माझं काम पार्टीला पार्टी भेटवायचं.’

आता कायदा बघा. केंद्रीय जीएसटी कायदा 2017, कलम 85. धंदा हस्तांतरित झाला की तोपर्यंतचा थकलेला कर, व्याज आणि दंड यांना विकणारा आणि घेणारा दोघेही जबाबदार. जुना मालक गावी घर बांधून मोकळा, नोटीस तुमच्या दारात!

देणी अशी मागे येतात, परवाने येत नाहीत. एफएसएसएआयचा परवाना मालकाच्या मृत्यूनंतर वारसाकडे जाऊ शकतो, विकत घेणाऱ्याला मात्र नवा काढावा लागतो. जुन्या मालकाच्या पॅनवरचा जीएसटी नंबरही तुमचा होत नाही. जागा लिव्ह अँड लायसन्सवर असेल तर जागामालकाशी नवा करार हवा. पागडीची असेल तर त्याची संमती हवी, आणि 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे त्या संमतीसाठी पैसे घेणं कायदेशीर आहे. यातलं किती दलाल टोकन घेण्याआधी सांगतात?

नव्या प्रकल्पातला फ्लॅट विकणाऱ्या एजंटाला महारेराची नोंदणी लागते. 2023 मध्ये त्यांच्यासाठी परीक्षाही आली. चालू धंदा विकून देणाऱ्याला अशी ना नोंदणी, ना परीक्षा. आयुष्याची पुंजी मात्र दोन्हीकडे सारखीच लागते ना?

म्हणून मागणी साधी आहे. राज्य सरकारने धंद्याच्या दलालांची नोंदणी करावी. आणि जागेचा करार किती उरलाय, कर, वीजबिल, कामगारांचे पगार थकलेत का, हे दलालाने सहीनिशी लिहून द्यावं.

ते होईपर्यंत टोकन देण्याआधी जागामालकाला स्वतः भेटा. जीएसटीची रिटर्न्स आपल्या सीएला दाखवा, विकणाऱ्याच्या सीएला नाही. ठरलेल्या रकमेतला काही भाग सहा महिने राखून ठेवायची अट करारात घाला.

यावर जो दलाल ‘एवढाही विश्वास नाही का?’ म्हणेल, त्याला टोकन देऊ नका.