कमी खाल्ले की सगळ्यांचेच वजन उतरते का?

वजन वाढले की सल्ला द्यायला डॉक्टरची गरज लागत नाही. सासूबाई, शेजारीण, किराणा दुकानदार, एस.टी.तला सहप्रवासी, सगळ्यांनाच औषध ठाऊक असते: 'जेवण कमी करा.' डॉक्टर मंडळींपैकीही पुष्कळजण केसपेपरवर 'वजन कमी करा' एवढेच लिहून पुढच्या रुग्णाकडे वळतात. आणि हा सल्ला पाळूनही काटा हलला नाही, की संशय सल्ल्यावर येत नाही, माणसावर येतो. 'चोरून खात असेल' असे म्हटले जाते. या सल्ल्यात खरे किती आणि अपुरे किती, ते आज पाहू.

हिशेब खरा, पण कागदावरचा

अन्नातून मिळणारी ऊर्जा आपण उष्मांकात म्हणजे कॅलरीत मोजतो. खर्चापेक्षा कमी ऊर्जा पोटात गेली तर शरीर साठवलेली चरबी वापरते व वजन उतरते. हा निसर्गनियम आहे; तो कोणाच्याही बाबतीत खोटा ठरत नाही. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. तेव्हा रोज ५०० कॅलरी कमी घेतल्या की पंधरा दिवसांत साधारण एक किलो उतरावे, असे गणित मांडले जाते.

पहिले काही आठवडे हे गणित बरेचसे जुळते. पुढे ते बिघडते, कारण शरीर हे रॉकेलच्या कंदिलासारखे मुकाट जळत नाही. तेल कमी पडत आहे हे कळताच ते वात बारीक करते. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली डॉ. अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवून हे तपासले. तरुणांचे वजन सुमारे पावपट घटले. पण त्याबरोबर विश्रांतीच्या अवस्थेत खर्च होणारी ऊर्जाही सुमारे ४० टक्क्यांनी घटली. हातपाय गार पडत, उत्साह राहत नसे आणि डोक्यात रात्रंदिवस अन्नाचाच विचार असे. ठरवलेले वजन गाठण्यासाठी प्रत्येकाचा शिधा वेगवेगळा कमीजास्त करावा लागला, ही गोष्ट विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. सगळ्यांना सारखे ताट देऊन सगळ्यांचे वजन सारखे उतरले नसते.

उलट बाजूनेही तेच दिसते. कॅनडात डॉ. क्लोद बुशार यांनी १९९० साली बारा जुळ्या भावांच्या जोड्यांना शंभर दिवसांच्या काळात ८४ दिवस रोज १,००० कॅलरी जादा खाऊ घातल्या. सरासरी वजन आठ किलोंनी वाढले. पण कोणाचे जेमतेम चार किलो वाढले, तर कोणाचे तेरा किलो. सख्ख्या जुळ्यांमध्ये मात्र वाढ बरीचशी सारखी होती. म्हणजे एकाच पंगतीला बसून एकाच्या अंगी लागते आणि दुसऱ्याच्या लागत नाही, यात रक्ताचा, आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे.

दोनदा खावे की दर दोन तासांनी?

महाराष्ट्रात हा वाद २०१८ च्या सुमारास घराघरांत पोहोचला. डॉ. श्रीकांत जिचकार यांचा विचार पुढे नेत डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनच वेळा आणि प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवण्याचा कार्यक्रम लोकांपुढे ठेवला. दुसरीकडे ऋजुता दिवेकर यांचे थोडे थोडे, वारंवार खाण्याचे सांगणे होते. लोकांनी दोन तट पाडले. शेजारच्याचे दहा किलो उतरले म्हणून आपलेही उतरतील, या भरवशावर अनेकांनी ताटे बदलली.

ज्यांचे दोनदा जेवून वजन उतरले, त्यांचा मधल्या वेळचा साखरेचा चहा, बिस्किटे आणि फरसाण सुटले, हे त्याचे मोठे कारण असावे असे मला वाटते. एका कपात दोन चमचे साखर धरली तर पाच कपांत सुमारे २०० कॅलरी होतात. ज्यांनी दोन जेवणांतच चार जेवणांचा कोटा भरून काढला, त्यांचा काटा जागेवर राहिला.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ६०९ जणांना वर्षभर दोन निरनिराळे आहार दिले होते. एका गटाने स्निग्ध पदार्थ कमी केले, दुसऱ्याने पिष्टमय पदार्थ. दोन्ही गटांची सरासरी घट पाच ते सहा किलोच निघाली. पण त्याच गटांत कोणी तीस किलो उतरला होता, तर कोणी दहा किलो वाढला होता. तेव्हा 'कोणता डाएट चांगला?' यावर भांडण्यापेक्षा 'मला कोणता जन्मभर झेपेल?' हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

'डॉक्टर, मी काहीच खात नाही'

हे वाक्य दवाखान्यात रोज कानावर येते. यावर हसू नये आणि रागावूही नये. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९९२ साली अशाच तक्रारीच्या दहा रुग्णांची काटेकोर तपासणी केली. त्यांच्या शरीराचा ऊर्जाखर्च ठीक होता. खाण्याची नोंद मात्र प्रत्यक्षापेक्षा निम्म्याजवळ होती. हे खोटे बोलणे नव्हे. खाल्लेले लक्षात राहत नाही. स्वयंपाक करताना घेतलेली चव, लेकराच्या ताटात उरलेला घास, पाहुण्यासोबत घेतलेला चहा यांना आपण जेवण म्हणतच नाही.

उपवासाचेही तसेच. आमचे नरसी संत नामदेवांचे गाव. आषाढीनंतरच्या परतवारीच्या एकादशीला येथे मोठी गर्दी होते. एकादशीला श्रद्धेने उपवास करणाऱ्याबद्दल मला आदरच आहे. पण वजन उतरावे म्हणून उपवास धरणाऱ्यांनी हिशेब पाहावा. शंभर ग्रॅम साबुदाण्याच्या सुमारे ३५० कॅलरी, मूठभर शेंगदाण्यांच्या दोनशेच्या वर आणि चार चमचे तुपाच्या पावणेदोनशे. अशी ताटभर खिचडी ७५० कॅलरींच्या घरात जाते. ज्वारीच्या दोन भाकरी, वरण आणि पालेभाजी यांच्या एवढ्या होत नाहीत, आणि पोट मात्र जास्त वेळ भरलेले राहते.

काही वेळा दोष खाण्यात नसतोच. थायरॉईडचे काम मंदावले असेल, स्टेरॉईड चालू असेल, मनोविकाराच्या, फिटच्या किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या चालू असतील, तर वजन वाढते. गुडघेदुखीवर गावोगाव मिळणाऱ्या बेनावाच्या पुड्यांतही स्टेरॉईड मिसळलेले असू शकते. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकाराने अंगावर आलेली सूज म्हणजे चरबी नव्हे. ती उपाशी राहून जात नाही.

काटा सगळे सांगत नाही

आपल्या लोकांच्या बाबतीत आणखी एक गोम आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण दिले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे होते, बी.एम.आय. २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या त्यांच्या अभ्यासात हे जन्मापासून दिसले. आपली बाळे इंग्लंडमधील बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी, पण त्या मानाने अंगावरची चरबी राखून असलेली असतात. हाडापेराने किरकोळ, पोट मात्र पुढे आलेले आणि चाळिशीच्या आत मधुमेह, असे रुग्ण आपल्याकडे खेड्यातही दिसतात ते उगीच नव्हे.

अशा माणसाला नुसते 'कमी खा' म्हटले तर चरबीबरोबर त्याचे मुळात कमी असलेले स्नायूही झिजतात. त्याला हवी डाळ, उसळ, दूध, दही, चालत असल्यास अंडी. आणि हवा अंगमेहनतीचा व्यायाम. म्हणून वजनकाट्याबरोबर शिंप्याची टेप वापरा. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी.

काटा न हलताही फायदा होतो, याचा पुरावा आपल्याच देशात आहे. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ जणांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध केला. तीन वर्षांत, नुसता नेहमीचा सल्ला मिळालेल्यांपैकी ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. आहार आणि चालणे सांभाळणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांना. या दुसऱ्या गटाचे सरासरी वजन म्हणण्यासारखे घटलेच नव्हते! वजन उतरत नाही म्हणून चालणे सोडून देणाऱ्यांनी हा आकडा लिहून ठेवावा.

कोणी ताट कमी करू नये

गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, वाढत्या वयाची मुले-मुली आणि अशक्त वृद्ध यांनी स्वतःच्या मनाने जेवण तोडू नये. इन्सुलिन घेणाऱ्यांनी, तसेच ग्लिमेपिराईड, ग्लिबेनक्लामाईड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय जेवण चुकवू नये. साखर एकदम उतरून घाम, थरथर, भोवळ येते आणि जिवावरही बेतू शकते. आणि काही न करता वजन उतरू लागले तर आनंद मानू नका. साखर तपासा, खोकला, ताप असेल तर बेडका तपासून घ्या.

बाकीच्यांनी आधी साखरेचा चहा, तळण आणि तेल कमी करावे. पानात निम्मी जागा भाजीला द्यावी आणि रोज अर्धा तास भरभर चालावे. पहिले उद्दिष्ट वजनाच्या पाच टक्क्यांचे ठेवावे. ८० किलोच्या माणसाला चार किलो. तेवढ्यानेही साखर आणि रक्तदाब यांत फरक पडतो. तीन महिने मनापासून करूनही वजन आणि कंबर दोन्ही हलली नाहीत, तर आणखी उपाशी राहू नका. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या-पुड्या पिशवीत घालून डॉक्टरांकडे या.

आणि घरच्यांना एक विनंती. जाड माणसाच्या पानातली भाकर मोजू नका. त्याच्याबरोबर अर्धा तास चालायला जा.