विडीची अट कागदावर घ्या
परळीत थर्मल वीज केंद्रातल्या नोकऱ्यांमुळे खोल्या भाड्याने देण्याची सवय जुनी आहे, पण व्यवहार अजूनही बराचसा तोंडीच चालतो. घरात विडी-सिगारेट चालणार नाही, असं मालक चावी देताना सांगतात, भाडेकरू मान डोलावतो, नि महिन्याभरात वरच्या खोलीतला धूर खालच्या बाळंतिणीच्या खोलीत उतरतो. २००३च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी आहे. राहत्या खोलीच्या आत तो कायदा पोचत नाही. तिथे करारच कामी येतो. म्हणून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याचं कलम ५५ मालकांनी जरूर वाचावं. भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा, नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती केली नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचंच म्हणणं ग्राह्य धरलं जातं, ते खोटं ठरेपर्यंत. म्हणजे तोंडी अट जवळपास नसल्यातच जमा! लिहितानाही नुसतं ‘धूम्रपान बंद’ पुरत नाही. जिना, गच्ची, संडास, येणारे-जाणारे पाहुणे, सगळं त्यात यावं. मात्र ओढणाऱ्याला एखादी उघडी जागा, गच्चीचा दूरचा कोपरा म्हणा, दाखवून द्या. रात्रपाळी करून पहाटे परतलेल्या माणसाला रस्त्यावर उभं करणारी अट मला मान्य नाही.